तान्ह्या बाळांना घेऊन एका दिवसात बाथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. घरी भारतातून कुणी आलं की लंडन दाखवून होतं आणि पुढचा नंबर बाथ या गावाचा लागतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची लेक नऊ महिन्यांची होती, नणंदेचा मुलगा सोळा महिन्यांचा आणि सोबत सासू-सासरे. सहा मोठी माणसं, दोन बाळं, दोन बग्ग्या, म्हणजे बाबागाड्या. त्यातली एक बग्गी नेली नसती तर बरं झालं असतं, ते पुढे येईलच. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येक नव्या आईचा फोन येतो आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलं.

बाथच का? लंडनजवळ गावांना काय तोटा?

तोटा नाही, पण बाथमध्ये बघण्यासारखं बरंचसं रस्त्यावरच आहे. घरं, पूल, नदी, बागा. बाळ बग्गीत झोपलं तरी तुमचं बघणं थांबत नाही. किल्ला किंवा मोठं संग्रहालय असलं की आत शिरेपर्यंत रांग, तपासणी, आणि नेमकं आत गेल्यावर बाळ उठतं. बाथमध्ये स्टेशनातून बाहेर पडलं की सात-आठ मिनिटांत तुम्ही गावाच्या मध्यावर असता.

अख्खं शहर १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. २०२१ मध्ये युरोपातल्या अकरा स्नाननगरांच्या गटातून त्याचं नाव त्या यादीत दुसऱ्यांदा लागलं. सगळी जुनी घरं एकाच फिकट पिवळ्या चुनखडी दगडाची आहेत. ऊन पडलं की गावाला चांगल्या कोल्हापुरी गुळाचा रंग येतो.

आणि गरम पाण्याचे झरे! फोनवर सांगितलं तर सावंतवाडीहून मामेसासऱ्यांचा प्रश्न आला, "आंघोळीला इतक्या लांब?" प्रश्न चुकीचा नाही. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर हे सगळं आपल्याकडे आहेच. फरक इतकाच की इथे रोमन लोकांनी इसवी सन ७० च्या सुमारास झऱ्याभोवती देऊळ आणि स्नानगृह बांधायला घेतलं, आणि त्यातलं बरंच काही अजून जागेवर आहे. त्यालाच रोमन बाथ्स म्हणतात.

बाळ किती महिन्यांचं असावं?

पाच ते दहा महिने, म्हणजे मान धरलेलं, बसायला लागलेलं, पण चालायला न लागलेलं. नऊ महिन्यांच्या लेकीने आम्हाला काहीही त्रास दिला नाही. सोळा महिन्यांच्या भाच्याने सहा मोठ्या माणसांना पळवलं. त्याला नुकते पाय फुटले होते आणि बाथमध्ये जिकडे तिकडे पाणी आहे. पण चालणाऱ्या बाळाला नेऊ नका असं नाही. एक माणूस फक्त त्याच्यामागे ठेवा आणि दर तासाला माणूस बदला.

ट्रेनने जावं की गाडीने?

ट्रेनने. लंडनच्या पॅडिंग्टनहून साधारण दीड तास, रेडिंगहून तासाभर. ट्रेन साधारण दर अर्ध्या तासाला असते. मोटारीत बाळाला सीटमध्ये बांधून ठेवावं लागतं, दूध पाजायला सर्व्हिस स्टेशन गाठावं लागतं आणि बाथमध्ये पार्किंग शोधता शोधता झोपलेलं बाळ उठतं. ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन पाजता येतं, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारता येतात.

मोटारच न्यायची असेल तर गावात शिरू नका. न्यूब्रिज, लॅन्सडाऊन आणि ऑड डाऊन या तीन ठिकाणी पार्क अँड राइड आहे. गाडी तिथे लावून बसने मध्यावर या. बाथमध्ये २०२१ पासून प्रदूषण-शुल्काचा पट्टा आहे, पण खाजगी मोटारींना ते शुल्क नाही. हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगितलं.

ट्रेनमधल्या दोन गोष्टी. वाटेत स्विंडन लागतं. गोव्याकडची बरीच कुटुंबं तिथे स्थायिक आहेत. आमच्या डब्यात तिथे चढलेल्या एका बाई आपल्या नातवाशी कोंकणीत बोलायला लागल्या आणि आमच्या आई, म्हणजे सासूबाई, सरळ जागा बदलून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. चिपनहॅमनंतर जवळजवळ तीन किलोमीटरचा बॉक्स बोगदा लागतो. ब्रुनेल या अभियंत्याने खोदवून घेतलेला, १८४१ मध्ये खुला झालेला. एकदम अंधार आणि आवाजातला फरक यामुळे झोपलेलं बाळ तिथे उठतं. उठू द्या. बोगदा संपला की थोड्याच मिनिटांत बाथ, तेव्हा डबे-बाटल्या आवरायची तीच वेळ.

तिकिटाचं काय?

पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेचं तिकीट नाही, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र जागाही नाही. मोठ्यांपैकी तीन ते नऊ जण सोबत असतील तर गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्ह नावाच्या सवलतीत एक तृतीयांश सूट मिळते; आम्ही सहा जण तसेच गेलो. नवरा-बायको दोघंच असाल तर टू टुगेदर हे रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, बघा. फॅमिली रेलकार्ड बाळाच्या आशेने घेऊ नका, ते चालायला सोबत किमान एक ५ ते १५ वर्षांचं मूल लागतं. माझ्या मैत्रिणीने आठ महिन्यांच्या मुलासाठी घेतलं आणि फसली. साठीच्या पुढचे आई-बाबा पाहुणे म्हणून आलेले असले तरी पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढू शकतात. सहा महिने राहणार असतील तर ते वसूल होतंच.

बग्गी न्यावी की झोळी?

दोन्ही. बग्गी हलकी, एका हाताने मिटणारी. आम्ही एक छत्रीसारखी मिटणारी नेली होती आणि दुसरी ती तीन चाकांची, जाड टायरची, जी दुकानात बघताना रणगाड्यासारखी भक्कम वाटते. ती डब्यात शिरताना आडवी, लिफ्टमध्ये शिरताना आडवी, चहाच्या दुकानात तर शिरलीच नाही. नंदोई दिवसभर ती उचलत होते आणि काही बोलत नव्हते, यावरून काय ते समजा.

झोळी म्हणजे अंगाला बांधायचं कॅरिअर. साडीची झोळी नव्हे. तरी आईंनी एक जुनी सुती साडी पिशवीत टाकली होतीच. ती हिरवळीवर अंथरायला, उन्हाला आडोसा करायला आणि शेवटी बाळाला गुंडाळायला कामी आली. न्याच.

रोमन बाथ्समध्ये बाळाला घेऊन जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण नीट तयारीने. बग्गी दाराशी ठेवायची आणि बाळ अंगाला बांधायचं, असं ठरवूनच जा. आत लिफ्ट आहे, पण वाटा अरुंद आहेत, अंधाऱ्या आहेत, आणि मधल्या मोठ्या कुंडाच्या काठाची फरशी दोन हजार वर्षांत झिजून उंचसखल झाली आहे. ओली असते, पाय सटकतो. कुंडाचं पाणी समोर उघडं आहे आणि खोली साधारण १.६ मीटर. भाच्याचा हात आम्ही एक सेकंद सोडला नाही, तरी तो त्या हिरव्या पाण्याकडे असा झेपावला की पलीकडून एका अनोळखी आजोबांनीही हात पुढे केला.

पाणी हिरवं का, असं बाबांनी विचारलं. रोमन काळी वर छत होतं. ते गेलं, ऊन थेट पाण्यावर येतं आणि शेवाळ वाढतं. झऱ्यातून पाणी ४६ अंश सेल्सियसला वर येतं, दिवसाला सुमारे पावणेबारा लाख लिटर. जिथून ते कुंडात पडतं तिथे दगड गंजासारखा केशरी झालाय आणि वाफ येते. आमच्या लेकीला अख्ख्या संग्रहालयात आवडलं ते एवढंच. वाफेकडे बघत राहिली, मग शिंकली.

तुम्हाला मात्र आणखी एक गोष्ट बघायची आहे. झऱ्यात सापडलेले शिशाचे-कथलाचे पातळ पत्रे, सुमारे १३०. त्यावर लोकांनी सुलिस मिनर्वा देवीला लिहून कळवलं आहे की माझं अमुक चोरीला गेलं, चोराला धडा शिकव. डोसिलियानस नावाच्या माणसाची टोपीवाली शाल गेली होती. चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, देवीने त्याला सोडू नये, असं त्याचं मागणं. मी हे वाचून आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे गाऱ्हाणाच की!" कोकणात देवळात उभं राहून गुरव घालतो तेच, फक्त इथे लिहून, पत्रा दुमडून पाण्यात टाकायचं.

आत फिरायला पाऊण तास ते तास धरा. मोठ्यांसाठी कानाला लावून माहिती ऐकायचं यंत्र मिळतं. बाळ सोबत असेल तर त्यातला चौथा हिस्सा ऐकून होतो. दोघांनी एकदम ऐकायचा हट्ट धरू नका. गर्दी टाळायची तर सकाळची पहिली वेळ आधीच आरक्षित करा.

त्या पाण्यात बाळाचा पाय बुडवला तर चालेल? तीर्थ म्हणून?

नाही. मोठ्यांनीही हात घालायचा नाही. कुंडातलं पाणी शुद्ध केलेलं नसतं. १९७८ मध्ये झऱ्याच्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला आणि तिथलं पोहणं बंद झालं. प्यायचं पाणी वेगळं. ते खोल बोअरमधून येतं आणि बाहेर पडताना चाखायला मिळतं. त्यात ४३ खनिजं आहेत म्हणे. कोमट, आणि चव लोखंडी बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्याची. बाबांनी दोन पेले घेतले, "पोटाला चांगलं" म्हणून. बाळाला मी थेंबभरही दिलं नाही. एवढी खनिजं वर्षाच्या आतल्या मूत्रपिंडांना कशाला?

बाथ ॲबीत जायचं का? चर्चच तर आहे.

थंडीत किंवा पावसात जाल तर सगळ्यात आधी तिथेच जा. रोमन बाथ्सच्या शेजारीच आहे. नव्या कामात ॲबीच्या फरशीखाली नळ्या घातल्या आहेत आणि गरम झऱ्याच्या ऊर्जेवर ती फरशी तापते. बाहेर बोचरा वारा आणि आत पायाखाली ऊब! एका कोपऱ्यात, कुणाच्या वाटेत येणार नाही असं बघून, लेकीला खाली सोडलं. ती हातांनी फरशी थोपटत बसली. मान वर केली की छतावर दगडी पंखे उघडल्यासारखी नक्षी, ती बाळं टक लावून बघतात. बाहेरच्या भिंतीवर शिडीवरून चढणारे-उतरणारे देवदूत कोरले आहेत, ते भाच्याला दाखवताना "वर, वर" हा शब्द त्याला आला.

इतिहासाच्या खात्यावर एवढं: ९७३ मध्ये एडगर राजाचा राज्याभिषेक इथे, तेव्हाच्या जुन्या चर्चमध्ये झाला. भिंतींवर शेकडो स्मृतिशिला आहेत. त्यात कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थानात गेलेल्या लोकांचीही नावं सापडतात. वाचत बसायची सवड बाळ देणार नाही.

स्तनपान चारचौघांत करता येतं का? कुणी हटकतं का?

इंग्लंडमध्ये २०१० च्या समता कायद्याने स्तनपान करणाऱ्या आईला संरक्षण आहे. हॉटेल, दुकान, संग्रहालय, बाग, कुठेही तुम्हाला उठून जा असं कुणी म्हणू शकत नाही. मला एकाही खेपेला कुणी वळूनही बघितलं नाही. खरं सांगायचं तर अवघडले होते ते आमचेच बाबा. ते दर वेळी नकाशा उघडून दुसरीकडे बघत बसायचे. ओढणी किंवा दुपटं घेतलं की सगळ्यांचं निभतं.

पावडरचं दूध, खिमट वगैरे कसं सांभाळायचं?

पावडर किमान ७० अंशांच्या गरम पाण्यात कालवायची असते, त्यामुळे साधा कोमट पाण्याचा थर्मास उपयोगाचा नाही. मी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये नेते, पावडर मोजून डबीत, आणि ऐनवेळी कालवून बाटली नळाखाली धरून निववते. हा खटाटोप नको असेल तर तयार दुधाची खोकी औषधाच्या दुकानात आणि सुपरमार्केटात मिळतात. एका दिवसापुरती मी तीच नेते, घरी कुणाला सांगत नाही. चहाच्या दुकानात बाटली गरम करायला वाटीभर गरम पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

खिमट, नाचणीचं सत्त्व, मऊ मेतकूट-भात हे रुंद तोंडाच्या थर्मास-डब्यात तीन-चार तास गरम राहतं. दुपारी ते संपवायचंच, संध्याकाळसाठी उरवायचं नाही. संध्याकाळी केळं किंवा पाकिटातली फळांची लापशी. आणि एक: चहाच्या दुकानात मध समोर येतो, आजी मंडळींचा हात बोटभर चाटवायला पुढे जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. आमच्याकडे यावरून पाच मिनिटं शांतता पसरली होती.

आणि आपण काय खायचं? शाकाहारी मिळतं का?

हवं तेवढं. पण बाळांसोबत हॉटेलात बसून जेवण्यापेक्षा डबा बरा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं आणि दही-भात नेला. हिरवळीवर बसून खाल्लं.

फक्त समुद्रपक्ष्यांपासून जपा. बाथ समुद्रापासून दूर आहे, तरी गावात सीगल उदंड झालेत आणि माणसांना मुळीच भीत नाहीत. नणंद पुरी मुलाच्या तोंडाशी नेत होती, तेवढ्यात मागून पंखांचा झपाटा आला आणि पुरी गेली. बोट वाचलं. भाचा रडेल असं वाटलं होतं, तो टाळ्या वाजवायला लागला आणि दुसरी पुरी हवेत धरून उभा राहिला. डब्याचं झाकण लावून ठेवा, बाळाला आडोशाला भरवा.

इथला खास पदार्थ म्हणजे सॅली लन बन, ताटलीएवढा गोल, मऊ, हलका. ज्या घरात तो मिळतो ते घर बाथमधल्या सगळ्यात जुन्या घरांपैकी. पण खोल्या चिंचोळ्या, दाराशी रांग. बग्गीसकट जायचा विचार सोडा, एकाने रांगेत उभं राहून बांधून आणावा. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात अंडं असतं. बाथ बन हा वेगळा, त्यावर साखरेचे खडे असतात. बाबांचं मत: "बनमस्का बरा. पण वाईट नाही."

लंगोट कुठे बदलायचे?

स्टेशनसमोरच साउथगेट बाजारपेठ आहे, तिथे बाळांची सोय आहे आणि औषधाचं मोठं दुकानही. आल्याआल्या तिथे एकदा बदलून घ्या, निघताना पुन्हा एकदा. मधे संग्रहालयात. ट्रेनमध्ये मोठ्या स्वच्छतागृहात बदलायची फळी असते, पण गाडी वळणावर असताना ते काम करणं ही एक कला आहे. दोन जोड कपडे बाळाला, आणि एक सदरा स्वतःला. शेवटचं कुणी सांगत नाही.

टूर कंपन्या एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ दाखवतात. तसं करावं का?

बाळ सोबत असताना नको. त्यात बाथला तास-दोन तास मिळतात आणि उरलेला दिवस बसमध्ये. बाळाचं तोंड धुऊन होईपर्यंत बस सुटायची वेळ होते. आई-बाबांना स्टोनहेंज बघायचंच असेल तर त्यांना एखाद्या दिवशी तसं बसवून द्या, त्यांना मजा येते. तुम्ही घरी झोपा.

रॉयल क्रेसेंट चढावर आहे म्हणतात. बग्गी चढते का?

चढते, पण गे स्ट्रीटने सरळ वर जाऊ नका, दम निघतो. क्वीन स्क्वेअरच्या बाजूने ग्रॅव्हल वॉक नावाची झाडीतली पायवाट वर जाते, तिथे चढ सोसण्याजोगा आहे आणि मोटारी नाहीत. वर पोचलं की तीस घरांची एकच चंद्रकोर समोर येते. जॉन वुड धाकटा याने १७६७ ते १७७४ मध्ये बांधलेली. खाली पसरलेली हिरवळ. तिच्यात मधोमध एक चर आहे, वरून दिसत नाही. गुरं वरच्या भागात येऊ नयेत आणि घरातून बघणाऱ्याला कुंपणही दिसू नये, अशी ती युक्ती. वरचा भाग तिथल्या रहिवाशांचा, खालचा सगळ्यांचा. तुम्ही खाली बसणार, म्हणजे बाळ गडगडायची भीती नाही.

दिवसातला सगळ्यात चांगला वेळ आमचा इथे गेला. साडी अंथरली, दोन्ही बाळं पालथी टाकली. लेकीने पहिल्यांदा हातात गवत धरलं. बाबा चपला काढून पडले आणि चक्क घोरले. दीड तास कुणी काही बघितलं नाही. खालच्या अंगाला रॉयल व्हिक्टोरिया पार्क आहे, तिथे मुलांची मोठी खेळायची जागा आहे आणि पैसे लागत नाहीत. अकरा वर्षांच्या राजकन्या व्हिक्टोरियाने १८३० मध्ये ही बाग खुली केली. तळ्यावर बदकं आहेत. चालणाऱ्या बाळाला एवढं पुरतं.

आपल्या इतिहासाशी काही संबंध?

बाबा देवगडचे, त्यामुळे हा प्रश्न त्यांचा. क्रेसेंटपासून पाच मिनिटांवर सर्कस म्हणून घरांचं एक गोल वर्तुळ आहे. मधे मोठाली झाडं. तिथल्या १४ नंबरच्या घरावर रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाची पाटी आहे; तो १७७४ मध्ये तिथे राहिला होता. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली, तेव्हा जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख हाच. पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेतलं होतं, हेही बाबांनी रस्त्यात उभं राहून ऐकवलं. बग्गीचा ब्रेक लावून सगळ्यांनी ऐकलं. पाटी लहान आहे, शोधावी लागते.

थर्मे बाथ स्पामध्ये बाळाला पोहायला नेता येईल?

नाही, बाळांना प्रवेश नाही. मोठ्यांना मात्र त्या गरम पाण्यात इथे उतरता येतं, २००६ पासून. आजी-आजोबा सोबत असतील तर आईने एकटीने जाऊन यावं. दुसऱ्या खेपेला मी गेले. गच्चीवरच्या कुंडात गळ्यापर्यंत गरम पाणी, समोर ॲबीचा मनोरा, आणि दोन तास कुणी "आई" म्हणून हाक मारली नाही. पंधराव्या मिनिटाला बाळाची आठवण आली, ती मी बाजूला सारली.

कधी जावं?

मे ते सप्टेंबर, आठवड्याच्या मधल्या वारी. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, घाई नाही. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार. नाताळच्या बाजाराच्या दिवसांत तर बग्गी घेऊन जाऊच नका, माणसाला माणूस लागतो. रग्बीचा सामना असेल त्या शनिवारी परतीच्या गाडीत उभं राहावं लागतं. पावसाचं प्लॅस्टिक बारा महिने सोबत.

दिवसाचं वेळापत्रक सांगाल?

बाळाची झोप हेच वेळापत्रक. आमचं असं झालं: नवाच्या सुमाराची गाडी, बाळं गाडीत झोपली. साडेदहाला रोमन बाथ्स. मग ॲबी. बाराला पल्टनी पुलाकडे. दोन्ही बाजूंना दुकानं असलेला १७७४ चा पूल आणि खाली पाण्याचा पायऱ्यापायऱ्यांचा बांध. वरून बघितलं, फोटो काढले, पाच मिनिटांत पुढे. दुपारची झोप बग्गीत, चढ चढता चढता. दोन ते साडेतीन हिरवळ. सर्कसवरून उतरून चहा, बन. पाचची गाडी चुकली, साडेपाचची मिळाली. एवढंच. यात आणखी एखादं संग्रहालय बसवता येईल असं नकाशा बघून वाटतं. बसत नाही.

बाळ आजारी पडलं तर?

ताप, पुरळ अशा शंकेला १११ वर फोन, जिवावरचं वाटलं तर ९९९. बाळांचं पॅरासिटामॉल औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, वयाप्रमाणे मात्रा बघून घ्या. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तातडीच्या विभागातले उपचार मोफत आहेत, पण दाखल करावं लागलं तर बिल येऊ शकतं. प्रवासविमा काढूनच या.

काही हरवलं तर कुठे विचारायचं?

लेकीचं टोपडं हरवलं. आईंनी स्वतः विणलेलं, लिंबू रंगाचं, कडेला पांढरी नक्षी. सर्कसपाशी लक्षात आलं की डोक्यावर नाही. आईंचा चेहरा उतरला. मग त्या तिथेच हात जोडून उभ्या राहिल्या आणि अर्धं हसत, अर्धं खरंच म्हणाल्या, "बाये सुलिसमाये, जेना कोणी माझ्या नातीचा टोपडा नेल्यान आसात, तेका सुबुद्धी दी आणि टोपडा परत पाठव. व्हय म्हाराजा!" बाबा आणि नंदोई एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. समोरून येणारं जोडपं थबकलं.

नवरा उलट पावली क्रेसेंटकडे गेला. इथल्या लोकांची एक रीत आहे: रस्त्यात बाळाचा मोजा, बूट, टोपी पडलेली दिसली की उचलून जवळच्या कुंपणाच्या टोकावर अडकवायची, म्हणजे मालकाला सापडते. क्रेसेंटसमोरच्या काळ्या लोखंडी गजांपैकी एकावर टोपडं घातलेलं होतं, नीट, कानपट्ट्या खाली ओढून. शेजारच्या गजावर कुणाचातरी एक निळा मोजा होता. तो तसाच ठेवून आला.